एडीसीचा लिंकर आधी उंदराच्या प्लाझ्मात तपासा

एडीसीत, म्हणजे अँटिबॉडी-ड्रग कॉन्जुगेटमध्ये, प्रतिपिंड कर्करोगाची पेशी गाठतं आणि जहाल औषध तिला मारतं. दोघांना जोडणाऱ्या लिंकरकडे नव्या संशोधकांचं लक्षच नसतं.

आमच्या प्रयोगशाळेत व्हॅलिन-सिट्रुलिन लिंकरने एमएमएई हे जहाल औषध जोडलेलं एडीसी तयार झालं. २०११ साली मंजूर झालेल्या ॲडसेट्रिस या एडीसीत हीच जोडणी आहे, त्यामुळे तिच्यावर सगळ्यांचा विश्वास होता. पेशींवर ते उत्तम चाललं, मानवी प्लाझ्मात टिकलं. उंदरांतल्या गाठी मात्र वाढतच राहिल्या. संशय प्रतिपिंडावर गेला आणि कित्येक महिने त्याच्याच चाचण्यांत गेले. दोष त्याचा नव्हताच. उंदराच्या प्लाझ्मात सीईएस१सी हे कार्बॉक्सिलएस्टरेज असतं, माणसाच्या प्लाझ्मात नसतं. ते हा लिंकर रक्तातच तोडतं, औषध गाठीपर्यंत पोचतच नाही. लिंकरमध्ये व्हॅलिनच्या आधी ग्लुटामिक आम्ल जोडलं की ही तोड बरीच थांबते.

म्हणून ज्या प्राण्यावर प्रयोग करणार, त्याच्याच प्लाझ्मात एडीसी ३७ अंशांवर काही दिवस ठेवून पाहा. माणसाचा प्लाझ्मा शेजारी हवाच.

काय मोजता, हेही तितकंच महत्त्वाचं. लिंकरला प्रतिपिंडाशी बांधणारा मॅलेइमाइड आणि सिस्टीन यांच्यातला बंध उलट फिरू शकतो. सुटलेलं औषध लिंकरसकट अल्ब्युमिनच्या ३४व्या जागेवरच्या सिस्टीनला जाऊन चिकटतं. फक्त मोकळं औषध मोजलंत, तर आकडा जवळपास शून्य येतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. प्रत्यक्षात प्रतिपिंड रिकामं होत असतं. प्लाझ्मातून प्रतिपिंड वेगळं काढून मास स्पेक्ट्रोमेट्रीने त्यावर किती औषध उरलंय ते पाहिल्याशिवाय माझा तरी विश्वास बसत नाही. जोडणीनंतर मॅलेइमाइड-सिस्टीन बंधातलं सक्सिनिमाइडचं वलय पाण्याने उघडून घेतलं, तर तो बंध पक्का होतो.

बाकी काळजी नेहमीचीच. मॅलेइमाइडची जोडणी साडेसहा ते साडेसात पीएचमध्ये करा. फ्रीझरमधली कुपी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, बाष्प आत जातं. एमएमएईची पूड उघड्या बाकावर कधीही तोलू नका.

मार्गदर्शकांना कळकळीची विनंती आहे: प्राण्यांवरील प्रयोगांचा प्रस्ताव नैतिकता समितीकडे पाठवण्याआधी विद्यार्थ्याकडून त्या प्राण्याच्या प्लाझ्मातला टिकाव आणि प्रतिपिंडावर उरलेलं औषध ही दोन्ही मापनं मागून घ्या. आमच्या त्या प्रयोगातले उंदीर विनाकारण गेले.