शब्द एक, अर्थ अनेक



एका शब्दाचे दोन अर्थ असतात, हे आपल्याला नवे नाही. अंग तापले म्हणजे ताप. पोरगं ऐकत नाही तेव्हा माय म्हणते, "काय ताप आहे डोक्याला!" तोही तापच. इंग्रजी शब्दांचेही असेच आहे.

केनवडमधील एका शेतकरी बंधूला बरेच दिवस खोकला होता. दवाखान्यात थुंकी तपासली. कागदावर लिहून आले, 'पॉझिटिव्ह'. ते आनंदाने आम्हाला म्हणाले, "गुरुजी, पोट्टं म्हनते, पॉझिटिव्ह म्हंजे चांगलं!"

शाळेत 'पॉझिटिव्ह विचार' म्हणजे चांगला विचार, हे खरे. पण तपासणीत अर्थ वेगळा. ज्याचा शोध घेतला ते सापडले, म्हणजे पॉझिटिव्ह. सापडले नाही, म्हणजे निगेटिव्ह. येथे शोध क्षयाच्या जंतूंचा होता. ते सापडले होते! आम्ही त्यांना लगेच परत धाडले.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांचा कोर्स पुरा करा." कोर्स हा शब्द लॅटिन भाषेतून आला. त्याचे मूळ 'धावणे' असे आहे. शर्यतीत अर्ध्या वाटेत थांबून चालत नाही. औषधाचेही तसेच. क्षयाच्या बहुतेक रोग्यांना ६ महिने गोळ्या घ्याव्या लागतात. बरे वाटले म्हणून मधेच सोडल्या, तर रोग उलटतो आणि मग साध्या गोळ्यांना दाद देत नाही. सरकारी दवाखान्यात हे औषध फुकट मिळते. आमच्या बंधूंनी कोर्स पुरा केला. आज ते शेतात राबतात.

आणखी दोन शब्द पाहू.

डॉक्टर : मूळ अर्थ शिकविणारा. म्हणजे डॉक्टर आणि गुरुजी एकाच घरचे! म्हणून डॉक्टरांना प्रश्न विचारायला लाजू नये.

व्हॅक्सिन : म्हणजे लस. लॅटिनमध्ये 'वाक्का' म्हणजे गाय. १७९६ साली जेन्नर या इंग्रज डॉक्टरांनी गाईच्या देवीपासून माणसाच्या देवीवर लस काढली. १८०२ साली मुंबईत ३ वर्षांच्या मुलीला ती टोचली. भारतातली ती पहिली लस. देवीचा रोग जगातून गेला, असे १९८० साली जाहीर झाले.

कागदावरचा शब्द वाचता आला, ही पहिली पायरी. त्याचा अर्थ विचारणे, ही दुसरी.

प्रश्न
१. तपासणीत 'निगेटिव्ह' म्हणजे काय?
२. गोळ्या मधेच का सोडू नयेत?
३. तुमच्या घरातील औषधाच्या चिठ्ठीवरचा एक शब्द लिहा. त्याचा अर्थ विचारून या.