गुणसूत्रे एक्सवाय, तरी मुलगी?

प्रश्न : वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत पाळी न आलेल्या मुलीची गुणसूत्रे तपासणीत एक्सवाय निघाली. तिचे जीवशास्त्रीय लिंग कोणते मानायचे?

उत्तर : माणसाचे लिंग एका खुणेवर ठरत नाही. गुणसूत्रे, जननग्रंथी, संप्रेरके, आतले व बाहेरचे अवयव हे टप्पे एकामागून एक घडतात. बहुतेकांत ते जुळतात, म्हणून प्रश्नच उद्भवत नाही. अशा मुलीत आढळू शकणाऱ्या संपूर्ण अँड्रोजेन असंवेदनशीलतेत मात्र ते जुळत नाहीत. वाय गुणसूत्रावरील एसआरवाय जनुकामुळे (ते १९९० मध्ये ओळखले गेले) पोटात किंवा जांघेत वृषणे तयार होतात, टेस्टोस्टेरॉनही स्रवते. पण टेस्टोस्टेरॉन ओळखणाऱ्या ग्राहीच्या, एक्स गुणसूत्रावरील जनुकात बिघाड असल्याने पेशी त्याला दाद देत नाहीत. बाह्यांगे स्त्रीची घडतात. वयात येताना टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन होऊन स्तनही वाढतात. वृषणांतील दुसऱ्या एका संप्रेरकाने गर्भाशयाची घडण गर्भावस्थेतच रोखलेली असते. पाळी येत नाही ती यामुळे.

जीवशास्त्र लिंगाची व्याख्या जननपेशींवरून करते : अंडपेशी की शुक्रपेशी. प्रजातीसाठी ती चोख आहे; पण दोन्हींपैकी काहीच पक्व न होणाऱ्या व्यक्तीपुढे अपुरी पडते. नुसत्या गुणसूत्रांवर भिस्त ठेवणे त्याहून कच्चे. स्पेनची अडथळ्यांच्या शर्यतीतील धावपटू मारिया होसे मार्तिनेझ-पातिन्यो हिला १९८५ मध्ये अशाच चाचणीवरून अपात्र ठरवले गेले. १९८८ मध्ये तिची पात्रता परत द्यावी लागली.

संपूर्ण अँड्रोजेन असंवेदनशीलता असलेल्या मुली बहुधा मुलगी म्हणूनच वाढतात, आणि वैद्यकही त्यांना स्त्रीच मानते. वृषणांत गाठ होण्याचा धोका वयाबरोबर वाढतो. वृषणे काढण्याचा निर्णय सहसा वयात आल्यानंतर, मुलीच्या संमतीने घेतला जातो.