वादक-गायकांनी युनियनमध्ये जावे काय?

बाबासाहेबांचा विचार आपल्या वस्त्यांत ग्रंथांच्या आधी गाण्याने पोहोचविला, हे आपण सर्वजण मान्य करतो. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप ही नावे घेतली की माना आदराने लवतात. परंतु त्यांच्या मागे बसून ढोलकी वाजविणाऱ्यांची, बेंजो छेडणाऱ्यांची, कोरस धरणाऱ्यांची नावे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येतील? त्यांची चूल कशी पेटते हे तर कोणी विचारीतही नाही. म्हणून स्मरणिकेच्या वाचकांपुढे आम्ही हा थोडासा रुक्ष विषय मुद्दाम ठेवीत आहोत.

घाटकोपर हे कलावंतांचे ठिकाण आहे. अण्णाभाऊ साठे चिरागनगरात राहिले. 1944 साली त्यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले आणि कामगारांच्या लढ्यात शाहिरी नेली. मात्र कलापथक म्हणजे युनियन नव्हे. कामगारांसाठी गाणारा माणूस स्वतः कामगार आहे, त्याच्याही मजुरीचा दर ठरायला हवा, ही गोष्ट मागेच पडली. आजही येथील वस्त्यांतून बेंजो पार्टीत, बँडमध्ये, भीमगीतांच्या संचात वाजविणारे तरुण दिसतात. लग्नसराई, गणपती आणि एप्रिलमधील जयंत्या हे त्यांचे कमाईचे दिवस. मधले महिने दुसऱ्या कामावर काढायचे.

आम्ही बँकेत कारकून. आमच्या पगाराची पावती पाहिली तर तिच्यातील प्रत्येक ओळीमागे कोणाचा तरी लढा आहे. बँक कर्मचाऱ्यांची अखिल भारतीय संघटना 1946 साली झाली, पुढे शास्त्री निवाडा आणि देसाई निवाडा आले, आणि 1966 साली पहिला द्विपक्षीय करार झाला. संगणक येऊ घातला तेव्हा आमच्या आधीच्या पिढीने 1983 साली यांत्रिकीकरणासंबंधी करार करून घेतला. संगणक थांबला नाहीच, पण तो कोणत्या अटींवर येईल हे टेबलावर बसून ठरले. यात आमची काही बहादुरी नाही. आम्हाला हे आयते मिळाले.

तेव्हा वादकांनीही युनियन करावी, असे सांगून मोकळे होणे सोपे आहे. पण वादकाचा पेच वेगळा आहे. आमचा मालक एक आणि कायमचा. वादकाचा मालक रोज रात्री बदलतो. आज लग्नघर, उद्या मंडळ, परवा कॅसेटवाला. त्यातही सुपारी घेतो मुख्य गायक आणि साथीदारांना वाटून देतो तोच. मग साथीदाराचा मालक कोण, मंडळ की गायक? गायक स्वतः तर अर्धा मजूर आणि अर्धा मालक. संप करायचा कोणाविरुद्ध?

याच मुंबईत चित्रपटाच्या वादकांनी या प्रश्नाला हात घातला होता. त्यांची सिने म्युझिशियन्स असोसिएशन 1950 च्या दशकात उभी राहिली. 1956 साली स्थापन झालेल्या सिने कर्मचाऱ्यांच्या फेडरेशनशीही ती जोडली गेली. त्या काळच्या वादकांत गोव्याची मंडळी पुष्कळ. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे जाणकार अरेंजर त्यांत होते, पण रेकॉर्डवर नाव मात्र संगीतकाराचे आणि गायकाचे. असोसिएशनमुळे वादकांचे दर्जे आणि त्यानुसार शिफ्टचे दर ठरले. निर्माता रोज नवा असला तरी दर एकच राहिला. पुढे सिंथेसायझर आला, पन्नास-साठ वादकांचे काम दोन-चार माणसांवर आले आणि मोठे वाद्यवृंद मोडले. युनियन यंत्राला अडवू शकली नाही, हे खरे. म्हणून ती निरुपयोगी होती असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पोटापुरते चार पैसे ज्या वर्षांत मिळायचे त्या वर्षांत तिने ते मिळवून दिले.

अमेरिकेत यंत्राशी याहून मोठी झुंज झाली. तेथील वादकांच्या फेडरेशनने 1 ऑगस्ट 1942 पासून रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला. एकदा वाजविलेली तबकडी हजार ठिकाणी वाजते आणि हजार वादकांचे काम खाते, असे त्यांचे म्हणणे होते. बहिष्कार दोन वर्षांवर चालला आणि शेवटी कंपन्यांनी प्रत्येक तबकडीमागे वादकांच्या निधीत पैसे भरण्याचे कबूल केले. गंमत अशी की गायक त्या युनियनमध्ये नव्हते. म्हणून कंपन्यांनी मधल्या काळात वाद्यांविना, नुसत्या कोरसच्या साथीने गाणी काढली. गायक एकीकडे आणि वादक दुसरीकडे असले म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण आपल्या संचांनी लक्षात ठेवावे.

याच फेडरेशनची दुसरी बाजू आपल्या जिव्हाळ्याची आहे. अनेक शहरांत काळ्या वादकांच्या शाखा वेगळ्या होत्या. लॉस एंजेलिसमधील दोन शाखा 1953 साली एक झाल्या, शिकागोतील 1966 साली. संघटना झाली म्हणजे आतला भेद आपोआप मिटतो असे नाही. आपल्याला हे परदेशातून शिकायची गरज नाही. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत आणि शेजारी उभा कामगारच त्याला विरोध करी. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला दलित रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. कामगारांत फूट पाडता, या आरोपालाही तेथेच उत्तर दिले. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्धच्या संपात ते कम्युनिस्टांबरोबर उभे राहिले. 1943 साली मजूरमंत्री म्हणून मालकाने युनियनला मान्यता दिलीच पाहिजे असे विधेयक त्यांनी मांडले. म्हणजे आतल्या भेदाबद्दल बोलायचे आणि संघटनेतही राहायचे, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी केल्या. आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते.

उरलेले अर्धे उत्तर आम्हाला माथाडी कामगारांत सापडते. हमालाचाही मालक रोज बदलतो. तरीही अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना संघटित केले आणि 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यानुसार मंडळात कामगाराची नोंद होते आणि काम देणाऱ्याचीही. मजुरी मंडळामार्फत मिळते, वर काम देणारा लेव्ही भरतो, तिच्यातून फंड आणि ग्रॅच्युइटीची सोय होते. कायम मालक नसलेल्या माणसालाही फंड मिळू शकतो, हे महाराष्ट्राने करून दाखविले आहे. गोणी उचलणाऱ्याला जे जमले ते ढोलकी उचलणाऱ्याला का जमू नये?

नोंदीचे महत्त्व टाळेबंदीत कळले. 2020 साली जयंत्या घरातच झाल्या, लग्ने थांबली, वादकाची मिळकत शून्यावर आली. सरकारने 2021 मध्ये कलाकारांना प्रत्येकी 5,000 रुपयांची एकरकमी मदत जाहीर केली. परंतु आपण कलाकार आहोत हे सिद्ध करायला कागद लागतो. वृद्ध कलावंतांच्या मानधनाच्या अर्जालाही पुरावा लागतो. जन्मभर हलगी वाजविलेल्या माणसापाशी हाताच्या घट्ट्यांशिवाय कोणता पुरावा असणार? संघटनेच्या वहीत त्याच्या कार्यक्रमांची नोंद असती तर तिचा आधार झाला असता. रेकॉर्डिंगच्या हक्काचेही तेच. 1994 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलाकाराचे हक्क आले, 2012 च्या दुरुस्तीने मानधनाखेरीज रॉयल्टीचाही मार्ग खुला झाला. पण एकटा कोरसवाला कंपनीच्या दारात जाऊन काय मागणार?

युनियनविरुद्धचे आक्षेप आम्ही हलके लेखीत नाही. कार्ड नसेल त्याला वाजवू देणार नाही, असा नियम झाला की कार्डाची फीच गरिबाला बाहेर ठेवते. सिनेमाच्या धंद्यात याची भीती नेहमी बोलली जाते. म्हणून प्रवेश फी अगदी नाममात्र असावी आणि नव्या पोराला वाजविण्यापासून कोणी अडवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. भीमगीत हे प्रबोधन, त्याचा दर कसा लावायचा, असे पुष्कळ कार्यकर्ते म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. एका मंडळाचा जमाखर्च तपासून देण्याचे काम आमच्याकडे आले होते. मंडपवाल्याला इसार आधी, लाइट-साउंडवाल्याला आधी, आणि कलावंतांच्या बिदागीपुढे ‘बाकी’ असा शेरा. मंडपवाल्याला प्रबोधनाची सवलत कोणी मागितली नव्हती!

तेव्हा वादकांनी संघटित व्हावेच, आणि गायकांनी त्यांच्यासोबत यावे. पण 14 एप्रिलला काम देणारे आपणच असतो, हे कार्यकर्त्यांनी विसरून चालणार नाही. युनियन होईल तेव्हा होईल. येत्या जयंतीपासून मंडळांना एवढे करता येईल: सुपारी देताना साध्या कागदावर गायकासह प्रत्येक साथीदाराचे नाव, त्याची बिदागी, इसाराची रक्कम, कार्यक्रम रद्द झाल्यास काय द्यायचे आणि उशिरा घरी जाण्याचा गाडीखर्च लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात, आणि एक प्रत साथीदारांपाशी ठेवावी.