मृगापूर्वीची तजवीज : हायड्रोजेलचा उपयोग आणि मर्यादा

मृगाच्या सरींनी रान भिजले, पेर साधली, बियाणे तरारून वर आले, आणि मग पंधरा-वीस दिवस पावसाने दडी मारली, की दुबार पेरणीचे संकट कसे दाराशी येऊन ठेपते, हे सोलापूर, बीड, धाराशिवकडील जिरायतदारांस निराळे सांगावयास नको. या खंडात मुळाशी ओल टिकविण्याची तजवीज पेरणीपूर्वीच करावी लागते. आणि त्या कामी हायड्रोजेल नामक पुडीवर कितपत भिस्त ठेवावी, याचा विचार आताच करणे अगत्याचे आहे.

तान्ह्या मुलांच्या डायपरमध्ये, सॅनिटरी पॅडमध्ये आणि, पाणी आत शिरू नये म्हणून, जमिनीखालून जाणाऱ्या केबलींत जे जलशोषक पदार्थ वापरतात, त्यांच्याच कुळातील ही पूड आहे. हिच्या रेणूंच्या लांब साखळ्या ठिकठिकाणी परस्परांशी जखडलेल्या असतात. पाणी लागताच साखळ्यांवरील ऋणभारित गट एकमेकांस दूर लोटतात, जाळे फुगून पाणी आत ओढले जाते, आणि बंध कायम असल्यामुळे पूड विरघळून न जाता तिचा थुलथुलीत गोळा होतो. भोवतालची माती सुकू लागली, की मुळे त्यातील पाणी ओढून घेतात व पुढील पावसाने तो पुन्हा भरतो. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजच्या आधारे तयार केलेले पुसा हायड्रोजेल वजनाच्या साडेतीनशे पटींहून अधिक शुद्ध पाणी धरते, आणि त्याची शिफारस हेक्टरी सामान्यतः 2.5 ते 5 किलो आहे.

आता याचा हिशेब नीट पाहावा. 5 किलो पुडीने चारशे पट पाणी धरले, तरी ते 2,000 लिटर होते. उलट एक हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 10,000 लिटर पाणी येते. अर्थात हा साठा मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढाच असल्याने, पूड रानभर फोकून देणे म्हणजे पैसा मातीत घालणे होय. तिचे सारे सामर्थ्य ती मुळाशी असण्यात आहे.

म्हणून पूड दहापट कोरड्या, चाळलेल्या मातीत कालवून, पेरणीच्या वेळी बियाण्यालगत तासातच सोडावी. वरच्या थरात राहिलेली पूड उन्हाने लवकर निकामी होते. सीताफळ, डाळिंब यांच्या खड्ड्यांत पाकिटावरील प्रमाणाने ती कुजलेल्या शेणखतासह मुळांच्या पातळीवर मिसळावी. प्रमाण वाढवू नये, कारण फुगलेला गोळा रोप उचलतो व मुळांची हवा कोंडतो. हात आणि भांडे कोरडे असावे, व उरलेले पाकीट घट्ट बंद करून ठेवावे.

क्षारयुक्त पाण्यात हिचे बळ दशांशावरही येऊ शकते, आणि चुनखडीचे पाणी तर तिला आणखीच आखडविते. यास्तव खरेदीपूर्वी खातरजमा करावी. दोन पेल्यांत अर्धा-अर्धा लिटर पाणी, एकात बॅटरीत घालावयाचे आणि दुसऱ्यात आपल्या विहिरीचे, घेऊन प्रत्येकात 1 ग्रॅम पूड टाकावी व रात्रभर ठेवून सकाळी फडक्यातून गाळावी. फडक्यात उरलेल्या दोन गोळ्यांतील तफावत डोळ्यांनी दिसते. वापरलेल्या डायपरमधील पूड मात्र शेतात कदापि घालू नये. तीत सोडियम असून त्याने जमिनीचा पोत बिघडतो.

मुरमाड व वाळूसर हलक्या जमिनीत या पुडीचा उपयोग विशेष. भारी काळ्या जमिनीची चिकण माती स्वतःच ओल धरून ठेवते, तेथे हा खर्च बहुधा अनावश्यक ठरतो. शिवाय ही पूड पाणी निर्माण करीत नाही, पडलेलेच धरते. तेव्हा शेतकरी बंधूंनी आधी बांधबंदिस्ती, उताराला आडवी पेरणी, शेणखत आणि आच्छादन यांची बेगमी करावी, आणि त्यानंतरच हलक्या रानाच्या एखाद्या तुकड्यात, शेजारी पुडीविना तेवढाच तुकडा राखून, हिची पारख करावी, हीच कळकळीची विनंती.