मुळावरची गाठ आणि झाडावरचं माकड

'फरक स्पष्ट करा' असा प्रश्न आला की आपण लगेच दोन रकाने आखतो. एकपेशीय–बहुपेशीय, केंद्रक नाही–केंद्रक आहे, झालं! रायझोबियम जिवाणू आणि सिंहपुच्छ माकड यांची तुलना मात्र तेवढ्यावर थांबवू नका. दोघेही सजीव, दोघांच्याही पेशीत डीएनए. मग एक मातीत मुबलक आणि दुसरा नामशेष होण्याच्या वाटेवर, असं का?

आधी जिवाणू बघू. हरभऱ्याचं किंवा भुईमुगाचं रोप फुलोऱ्याच्या सुमारास खुरप्याने मातीसकट काढा, उपटू नका. मुळांवर छोट्या गाठी दिसतील. एक नखाने फोडा. आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे असं समजा. (मूळच फुगलेलं असेल तर ती सूत्रकृमीची गाठ, गल्लत करू नका.) हवेत ७८ टक्के नायट्रोजन असूनही पिकाला तो थेट घेता येत नाही. गाठीतले जिवाणू त्याचा अमोनिया करून देतात आणि बदल्यात झाडाकडून अन्न घेतात.

आता गणित. प्रयोगशाळेत भरपूर अन्न मिळालं तर जलद वाढणारे रायझोबियम साधारण ४ तासांत दुप्पट होतात. म्हणजे १ चे २४ तासांत ६४ आणि ४८ तासांत ४०९६. मातीत अन्न कमी, त्यामुळे एवढा वेग नसतो. पण हा आकडा लक्षात ठेवा. कारण जंगलात उरलेली प्रौढ सिंहपुच्छ माकडं सगळी मिळून सुमारे २५०० आहेत!

हे माकड जगात फक्त पश्चिम घाटात, तेही कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूत आढळतं. काळं अंग, चेहऱ्याभोवती राखाडी आयाळ, शेपटीला सिंहासारखा गोंडा. मादीला पहिलं पिल्लू व्हायलाच पाच-सहा वर्षं लागतात. एका वेळी एकच पिल्लू, आणि पुढचं दोन-तीन वर्षांनी. शिवाय ते राहतं उंच झाडांच्या शेंड्यांवर. चहा-कॉफीच्या मळ्यांनी आणि रस्त्यांनी जंगलाचे तुकडे झाले, की कळप तिथेच अडकतात. तमिळनाडूत वालपराईजवळ ती रस्ता ओलांडताना गाड्यांखाली येतात, म्हणून तिथे झाडाझाडांमध्ये पूल बांधलेत. केरळच्या सायलेंट व्हॅलीत तर धरणच होणार होतं. लोकांनी विरोध केला, धरण रद्द झालं आणि १९८४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

वहीत रकाने जरूर आखा, पण आणखी एक ओळ वाढवा: 'निम्मे मेले तर संख्या पुन्हा भरायला किती काळ लागेल?' जिवाणूचं उत्तर वरच्या गणितातून काढा. माकडाचं काढताना निम्मी पिल्लंच माद्या होतील हे धरायला विसरू नका.