नोंदीत नसलेला रुग्ण

रोगाचा भार म्हणजे काय, हे प्रथम समजून घेऊ. एखाद्या रोगाने किती माणसे दगावली एवढेच मोजून भागत नाही. अकाली मृत्यूने गमावलेली वर्षे आणि आजारपणात वाया गेलेली वर्षे यांची बेरीज करावी लागते. निरोगी आयुष्याचे एक वर्ष गेले की भाराचे एक माप भरले.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व तिच्या सहकारी संस्थांनी २०१७ साली असा राज्यवार हिशेब मांडला. देशाच्या रोगभारात संसर्गजन्य रोग, माता व नवजात बालकांचे आजार आणि कुपोषण यांचा वाटा १९९० साली ६१ टक्के होता. २०१६ साली तो ३३ टक्क्यांवर आला. मधुमेह, हृदयविकार यांसारख्या असंसर्गजन्य रोगांचा वाटा मात्र ३० वरून ५५ टक्क्यांवर गेला.

अशा हिशेबाला सर्वेक्षणे लागतात, मृत्यूच्या नोंदी लागतात, तशाच दवाखान्यातील नोंदीही उपयोगी पडतात. पूर्वी केसपेपर गठ्ठ्यात बांधून पडत. आता ते संगणकात जाऊ लागले आहेत. २०२१ पासून देशभर १४ अंकी 'आभा' क्रमांकही मिळू लागला. नावे वगळून हजारो नोंदी एकत्र केल्या, तर कोणत्या भागात, कोणत्या वयात कोणता रोग जास्त आहे, हे दिसू शकते.

पण संगणक लिहिलेले तेवढेच मोजतो. सिकलसेलचे उदाहरण घेऊ. विदर्भात हा आनुवंशिक आजार आदिवासींत आहे, तसाच आपल्या समाजातही आहे. सांधे ठणकणाऱ्या मुलाच्या केसपेपरवर नुसते 'अंगदुखी' लिहिले, तर तो सिकलसेलच्या मोजणीत येत नाही. गावातच इंजेक्शन घेऊन घरी परतला, तर कोठेच येत नाही. उलट एकच रुग्ण तीन दवाखान्यांत गेला आणि नोंदी जोडलेल्या नसल्या, तर तो तीनदा मोजला जातो. म्हणून दवाखान्यातील आकडे घरोघरच्या तपासणीशी ताडून पाहावे लागतात. जो आकड्यात नाही, त्याच्यासाठी रक्त, औषध, तपासणी केंद्र कशाच्या आधारे मागायचे?

आणखी एक धोका आहे. सिकलसेलचा वाहक सहसा आजारी नसतो; तरी त्याचे नाव फुटले तर लग्न मोडू शकते. म्हणून नोंद जितकी पक्की, तितकीच ती गुप्त असली पाहिजे.

आम्ही सभासदांना विनंती करतो : केसपेपर व तपासणीचे कागद जपून ठेवा, रोगाचे नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या. विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना या कामी मदत करावी. आपले दुखणे कागदावर आले, तरच ते हिशेबात येईल.