छताला पोपडे का सुटतात?

पावसाळा सरला की घरोघर साफसफाई निघते. कोळिष्टके काढताना वर नजर जाते. कुठे तांबूस डाग दिसतो. कुठे बारीक भेग दिसते. कुठे पोपडा सुटून लोंबत असतो. घरधनी म्हणतो, "अगं, एवढंसं तर आहे. चुन्याचा एक हात मारला की झालं!"

चुन्याने डाग झाकतो. आतली मोडतोड थांबत नाही. ती कशी चालते आणि कशी थांबवायची, ते आज आपण पाहू.

पूर्वी आपली घरे माळवदाची होती, नाहीतर कौलारू होती. मृगाच्या आधी माळवदावरचे गवत काढायचे, माती घालून चोपायची. कौले चाळायची. हे काम वर्षाचे ठरलेले असे. पुढे स्लॅबची घरे आली. १९८५ साली इंदिरा आवास योजना निघाली. २०१६ साली तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. कित्येक घरांवर स्लॅब आला. लोकांना वाटले, वर्षाची कटकट मिटली. ती मिटली नाही. स्लॅबलाही पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा पाहावेच लागते.

स्लॅबच्या पोटात काय असते? सिमेंट, वाळू आणि खडी यांचे काँक्रीट असते, आणि त्यात लोखंडी सळया असतात. काँक्रीट दाबाला पक्के. पण ते ताणले की तडकते. ताण सळई सोसते. म्हणून खोलीवरच्या स्लॅबमध्ये मुख्य सळया खालच्या अंगाला, आपल्या डोक्याच्या बाजूला ठेवतात. त्यांच्याखाली साधारण पाऊण इंच काँक्रीटचे पांघरूण असते.

हे पांघरूण नवे असते तेव्हा सळईला गंज चढू देत नाही. तो सिमेंटचा गुण आहे. पण वर्षे जातात तशी हवा आत शिरते आणि तो गुण ओसरतो. त्यात वरून पाणी मुरले की गंज धरलाच म्हणून समजा. आता लोखंड गंजले की झिजते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण ते फुगतेही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मूळ लोखंडाला लागते त्याच्या दुपटीहून जास्त जागा गंजाला लागते. ती आत कुठून मिळणार? मग गंज पांघरुणाला खाली लोटतो. आधी भेग पडते. भेगेतून आणखी ओल जाते, आणखी गंज चढतो. शेवटी पोपडा सुटतो. समुद्रकाठी हे लवकर होते, कारण तिथल्या हवेत मीठ असते. बांधताना खाडीची खारी वाळू न धुता वापरली असेल, तर मग विचारूच नका.

एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड असा तुकडा सुमारे पाच किलो भरतो. तो झोपलेल्या माणसावर पडला तर? म्हणून पोपडा लोंबताना दिसला की खालची अंथरुणे हलवा. पाळणा हलवा. पंख्याच्या हुकाजवळ ओल असेल तर मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. बाकीचे सगळे त्यानंतर.

भेगही वाचता आली पाहिजे. केसासारख्या बारीक भेगांची जाळी दिसली आणि डाग नसला, तर बहुधा फक्त वरचा गिलावा तडकलेला असतो. त्याचे भय नाही. पण सरळ रेषेत, सारख्या अंतराने भेगा गेल्या आणि त्यांतून तांबडे पाणी उतरले, तर समजा की वर सळई गंजते आहे. भेग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली, किंवा छत मध्ये झोळीसारखे वाकले, तर ते गवंड्याचे काम नव्हे. खोली रिकामी करा आणि अभियंत्याला दाखवा. पंचायत समितीत चौकशी करा. संकोच करू नका.

भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारा. शेजारी तारीख लिहा. महिन्याने पुन्हा पाहा. भेग रेघेच्या पुढे गेली असेल, तर ती चालू आहे. आपण लिहायला शिकलो ते अशा वेळी कामी येते. "वाढली की काय कोण जाणे," असे म्हणत बसावे लागत नाही.

आता दुरुस्ती. पाणी वरून येते, तेव्हा काम वरूनच सुरू करायचे. आमच्या पाहण्यात खालून तीन तीन वेळा गिलावा केलेली घरे आहेत. पैसे गेले, पोपडे परत आले. गच्चीवर जा. पाणी जाण्याचे पाईप पाल्याने तुंबले असतील ते मोकळे करा. पिंपळाचे रोप उगवले असेल तर मुळासकट काढा. कडबा, सरपण, जुने सामान वर रचले असेल तर खाली उतरवा. त्याचे वजनही होते आणि त्याखाली ओलही टिकते. भेगा टाकीने थोड्या रुंद करा, धूळ काढा, आणि पाणी न झिरपणारे औषध घातलेला सिमेंट-वाळूचा माल त्यांत दाबून भरा. दहा फुटांना दीड इंच तरी उतार हवा. पाणी साचता कामा नये. मात्र उतारासाठी वर जाड थर ओतू नका. कमकुवत स्लॅबला तेच ओझे होते.

गच्चीवर पाणी भरून गळती तपासण्याची रीत आहे. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीवर दोन इंच पाणी भरले, तर ते सुमारे पावणेपाचशे किलो होते! गंजलेल्या स्लॅबवर ही परीक्षा घेऊ नका.

वरचे काम झाले की छत वाळू द्या. घाई नको. खालचे काम थंडीत केलेले बरे. उन्हाळ्यात माल लवकर वाळतो आणि तडकतो.

लाकडी दांडक्याने छत हलके ठोकत जा. आवाज टणक आला तर पकड आहे. भोपळ्यासारखा पोकळ आला तर तेवढा भाग सुटला आहे. तो सगळा काढा, अर्धामुर्धा ठेवू नका. काढताना डोळ्यांवर चष्मा आणि डोक्याला फडके हवे. खाली कुणी उभे राहू नये. सळई उघडी पडली की तारेच्या ब्रशाने घासून गंज पूर्ण काढा. सळई जागोजागी बारीक झाली असेल, किंवा तुटली असेल, तर हात थांबवा. खाली टेकू द्या आणि अभियंत्याला बोलवा. तिथे नवी सळई जोडावी लागते.

सिमेंट घेताना गोणी वाचा. गोणीवर आठवडा आणि वर्ष छापलेले असते. वर्षाचे आठवडे बावन्न. २० असे छापले असेल तर ते मे महिन्यातले सिमेंट झाले. तीन महिन्यांहून जुने असेल तर घेऊ नका. नव्या मालाची जुन्या काँक्रीटवर पकड बसावी म्हणून दुधासारखे पातळ औषध दुकानात डब्यात मिळते. त्याचे प्रमाण डब्यावर वाचा. सांगोवांगी घालू नका.

जागा ओली करा. आधी सिमेंटच्या पाण्याचा हात द्या आणि तो सुकण्याआधी माल लावा. एक भाग सिमेंट, तीन भाग चाळलेली गोडी वाळू. एका वेळी अर्ध्या इंचाहून जाड थर देऊ नका, तो लोंबून खाली येतो. खड्डा खोल असेल तर पहिला थर खरवडून ठेवा, दुसरा दुसऱ्या दिवशी द्या. बाकीचे छत दाणेदार, खरबरीत असेल, तर ओल्या गोणपाटाचा बोळा नव्या मालावर टिपत जा. जोड फारसा दिसत नाही.

पुढचे दहा दिवस त्या जागेवर पाणी मारायचे आहे. छतावर पाणी ठरत नाही, म्हणून दिवसातून चारपाच वेळा शिंपडावे लागते. हे काम गवंडी करत नाही, त्याची मजुरी संपलेली असते. ते घरच्यांचे. कोण कधी मारणार, ते आधीच ठरवून भिंतीवर लिहून ठेवा.

माल चांगला वाळेपर्यंत चुना किंवा रंग लावू नका. आणि पाळणा पुन्हा टांगण्याआधी त्या भागावर एकदा दांडक्याने ठोकून बघा.